बापाचा दाखला

शेंद्र्यातल्या माणसाचे वर्षाचे उत्पन्न किती, याचे उत्तर तो प्रश्न कोणत्या कागदावर विचारला आहे यावर ठरते. संभाजीनगरहून जालना रस्त्याने पूर्वेला निघाले, चिकलठाणा मागे टाकले, की थोड्या वेळात शेंद्र्याची एमआयडीसी लागते. २००१ पासून इथे स्कोडाच्या गाड्या तयार होतात. त्यामागोमाग सुटे भाग करणारे आले, औषधांचे, मद्याचे, इंजिनांचे कारखाने आले. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरची आखणी झाली. शेंद्रा, कुंभेफळ, लाडगाव, करमाड या पट्ट्यातल्या जमिनी गेल्या, एकरी २३ लाखांच्या दराने मोबदला आला आणि ऑरिक नावाचे नवे औद्योगिक शहर उभे राहू लागले. वीस-बावीस वर्षांत गावाची कमाई पार बदलली. मात्र ती सगळ्यांची सारखी बदलली नाही, आणि जी बदलली ती सगळ्यांच्या कागदावर सारखी उमटली नाही.

समजा, इथल्या एका गल्लीत तीन घरे आहेत. पहिल्या घरचा बाप कंपनीत परमनंट आहे. पगार बँकेत, पीएफ कापलेला, दर वर्षी हातात फॉर्म १६. दुसऱ्या घरची चार एकर जमीन गेली. आलेल्या मोबदल्यातून त्याने दुसरीकडे थोडी शेती घेतली, एका मुलीचे लग्न केले आणि उरलेल्या जागेवर आठ-दहा खोल्या बांधून त्या कंपनीतल्या पोरांना भाड्याने दिल्या. तिसऱ्या घरचा बाप ठेकेदाराकडे कामाला आहे. महिन्यात किती दिवस काम लागेल ते ठेकेदाराला ठाऊक. या तिन्ही घरांतल्या मुली नीट परीक्षेला बसल्या आणि तिघींना जवळजवळ सारखे गुण पडले. आता शासन तिन्ही घरांना एकच प्रश्न विचारते: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का?

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज सेतू केंद्रात करायचा, सोबत तलाठ्याचा अहवाल किंवा पगाराचा पुरावा जोडायचा. पहिल्या बापाला लपवायला जागाच नाही. मूळ पगार, महागाई भत्ता, ओव्हरटाइम, दिवाळीचा बोनस असे सगळे फॉर्म १६ वर छापून येते. त्यात वेतनकरार लांबला असेल, तर दीड-दोन वर्षांचा फरक एकदम एकाच वर्षात पडतो. ज्या वर्षी मुलगी बारावीला, नेमके त्याच वर्षी फरक हातात आला, की बाप त्या एका वर्षापुरता कागदावर सधन होतो. दुसऱ्या बापाचा दाखला शेतीच्या क्षेत्रावरून आणि पिकावरून बनतो. मोबदला हे भांडवल, ते उत्पन्नात धरत नाहीत. खोल्यांचे भाडे रोख येते आणि त्याची नोंद त्याने स्वतः सांगितली तरच होते. म्हणजे फारशी लबाडी न करताही दुसरे घर पहिल्यापेक्षा गरीब ठरू शकते. तिसऱ्या बापाची गरिबी खरी, पण ती सिद्ध करायला त्याला रोजंदारी बुडवून सेतूच्या खेपा घालाव्या लागतात.

या दाखल्याची किंमत २०२४ पासून फार वाढली. त्या वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय काढला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. आधी ही सवलत निम्मी होती. वैद्यकीय अभ्यासक्रमही यात आहेत आणि खासगी विनाअनुदानित महाविद्यालयेही आहेत. अशा एखाद्या महाविद्यालयाचे मंजूर शुल्क वर्षाला आठ लाख आहे असे धरू. ज्या घराचे उत्पन्न सात लाख नव्वद हजार, त्या घरच्या मुलीचे शिक्षण शुल्क शून्य. ज्या घराचे आठ लाख दहा हजार, त्याला पूर्ण आठ लाख भरायचे. वीस हजारांच्या जादा ओव्हरटाइमची किंमत वर्षाला आठ लाख. मध्ये पायऱ्या नाहीत, उतार नाही, नुसता कडा आहे. दिवाळीच्या आधी जादा पाळी घ्यावी की नको याचा हिशेब एखादा बाप कॅल्क्युलेटरवर करत असेल, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही.

मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिथेही मर्यादा आठ लाखच, आणि खासगी महाविद्यालयातल्या शुल्काचा निम्मा भाग शासन भरते. एका कुटुंबातल्या दोनच अपत्यांना ती मिळते.

हा आठ लाखांचा आकडा कुठून आला? इतर मागास वर्गाच्या उन्नत गटाची, म्हणजे क्रिमीलेअरची, मर्यादा केंद्राने २०१७ मध्ये सहावरून आठ लाखांवर नेली. २०१९ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे आरक्षण आले, तेव्हा तोच आकडा तिथे लावला गेला. पण दोन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे. नॉन-क्रिमीलेअर ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न या मोजणीत धरत नाहीत, आणि हिशेब तीन वर्षांचा असतो. दुर्बल घटकाच्या दाखल्यात पगार, शेती, धंदा सगळे धरतात, आणि तेही आदल्या एकाच आर्थिक वर्षाचे. केंद्राच्या नियमात वर आणखी पाच एकर शेतीची आणि घराच्या क्षेत्रफळाची अट आहे. शेंद्र्यातल्या पहिल्या बापाचा पगार नऊ लाख असेल आणि तो इतर मागास वर्गातला असेल, तर त्याला नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मिळू शकते, पण आठ लाखांचा उत्पन्नाचा दाखला मिळत नाही. एका कागदावर त्याची मुलगी मागास, दुसऱ्यावर सधन. हे समजावून सांगताना सेतूतल्या पोरांची दमछाक होते, आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या बापाला वाटते की हा पोरगाच आपल्याला फिरवतो आहे.

आठ लाखांवर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले ते वैद्यकीय प्रवेशाच्याच प्रकरणात. २०२१ मध्ये केंद्राने अखिल भारतीय कोट्यातल्या वैद्यकीय जागांना ओबीसी आणि दुर्बल घटकांचे आरक्षण लावले. पदव्युत्तर नीट दिलेल्या डॉक्टरांनी त्याला आव्हान दिले. हा आकडा कोणत्या अभ्यासावर बेतला आहे, असे न्यायालयाने त्या ऑक्टोबरमध्ये विचारले. केंद्राने माजी वित्त सचिव अजय भूषण पांडे यांच्यासह तिघांची समिती नेमली. तिकडे समुपदेशन रखडले, निवासी डॉक्टर डिसेंबरच्या थंडीत दिल्लीच्या रस्त्यावर उतरले. समितीने वर्षअखेरीस आठ लाख कायम ठेवण्याची शिफारस केली. पाच एकरांची अट ठेवावी, घराच्या क्षेत्रफळाची अट मात्र काढावी, असेही तिने सुचवले. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्या वर्षाचे प्रवेश सुरू करायला परवानगी दिली. मुंबईतले घर आणि शेंद्र्यातले घर एका मापाने मोजावे का, हा प्रश्न तेव्हाही उत्तराविना पुढे गेला. आठ लाखांत शेंद्र्यातले घर बरे चालते, हे खरे. पण त्यात घरखर्च भागवून खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे एक वर्षही बसत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय ही मर्यादा नेमक्या अशा शिक्षणासाठी वापरली जाते, ज्याची किंमत मर्यादेहून मोठी आहे.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी गणित निराळे आहे. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे, आणि ती दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच थांबली आहे. ठेकेदाराकडे राबणारा बाप आणि शिवणकाम करणारी आई मिळून ती सहज ओलांडतात. महाराष्ट्रात त्यापुढच्या कुटुंबांना फ्रीशिप आहे. तिच्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सुटते, निर्वाह भत्ता मात्र मिळत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात तिची रक्कम वर्षाला ५१ हजार, वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना साहित्यासाठी वर पाच हजार. पण स्वाधारलाही अडीच लाखांचीच मर्यादा. म्हणजे फी माफ झालेल्या मुलीचे खोलीभाडे आणि मेस पुन्हा बापाच्या खिशातून.

शिवाय माफीचे पैसे शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवरून हप्त्यांनी येतात. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. तरी रक्कम येईपर्यंत तगादा कोणी लावायचा आणि कोणी सोसायचा हे महाविद्यालयागणिक बदलते. या मधल्या काळासाठी गावात जे चालते ते कुठल्याच योजनेच्या पुस्तिकेत नसते: भिशी आधी उचलणे, पतसंस्थेतून सोनेतारण, मेव्हण्याकडून हातउसने. आजवर मदतीचा विचार रकमेवर झाला, तारखेवर फारसा झाला नाही. गरीब घराला मात्र तारीखच बुडवते.

आणखी एक कुंपण सांगायला हवे, कारण ते याच शहरात आहे. मुलींची पूर्ण माफी असो की शाहू महाराज शिष्यवृत्ती असो, अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही, आणि खासगी महाविद्यालयांतल्या व्यवस्थापन व संस्था स्तरावरच्या जागांनाही नाही. संभाजीनगरात १९५६ पासूनचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ज्याला अख्खा मराठवाडा घाटी म्हणतो. तिथले शुल्क वर्षाला लाखाच्या थोडे पुढे. शहरातले दुसरे मोठे वैद्यकीय महाविद्यालय एमजीएमचे. ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, त्यामुळे त्याचे प्रवेश राज्याच्या नव्हे, केंद्राच्या समुपदेशनातून होतात. परिणामी घाटीचा कटऑफ हुकलेल्या शेंद्र्याच्या मुलीला घरून जाऊन-येऊन शिकायचे म्हटले, तर शहरात तिची माफी चालत नाही. ती घेऊन तिला दुसऱ्या गावच्या खासगी महाविद्यालयात जावे लागते. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, हा या पट्ट्यासाठी मोठा दिलासा. पसंतीक्रम भरताना घरातले लोक महाविद्यालयाचे नाव बघतात. बघायला हवे ते हे, की ते खासगी असेल तर शुल्क मंजूर करणाऱ्या शुल्क नियामक प्राधिकरणाच्या यादीत आहे की नाही.

शिष्यवृत्ती हुकली की बँक. तिथेही पहिली सही बापाचीच. शैक्षणिक कर्जात पालक सहकर्जदार असतो. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची पतहमी आहे. त्यापुढे बँक तारण मागते, आणि एमबीबीएसचा आकडा जवळपास नेहमीच त्यापुढे असतो. आता शेंद्र्यातल्या घरांकडे तारणाला काय आहे? शेती असेल तर बँक नाखूष, कारण थकीत कर्जासाठी मालमत्ता ताब्यात घेण्याचा जो सरफेसी कायदा बँकांच्या हाती आहे, तो शेतजमिनीला लागू होत नाही. बँकेच्या दृष्टीने अशी जमीन म्हणजे दात नसलेले तारण. शहरात घर घेतले असेल तर ते बहुधा गुंठेवारीतले. संभाजीनगरच्या कितीतरी वसाहती गुंठेवारीतच वाढल्या, आणि नियमितीकरणाचे प्रमाणपत्र नसलेले असे घर तारण म्हणून चालत नाही. गावठाणातल्या घराला वर्षानुवर्षे मालमत्ता पत्रकच नव्हते. स्वामित्व योजनेच्या मोजणीनंतर ती अडचण कुठे कुठे सुटते आहे. म्हणजे ज्याच्याकडे कोटीची जमीन आहे त्याच्याकडे तारण नाही, आणि ज्याने सिडकोत कर्ज काढून टू-बीएचके घेतला, त्याच्याकडे आहे, पण ते आधीच गहाण आहे.

त्यात सिबिल, म्हणजे बापाची पतनोंद. दुष्काळात पीककर्ज थकले, मग कर्जमाफीची वाट बघत आणखी दोन हंगाम गेले, आणि माफी मिळाली तरी थकबाकीची नोंद काही काळ राहिली. मुलीच्या वैद्यकीय कर्जाच्या अर्जावर बँक अधिकारी बापाच्या त्या जुन्या सोयाबीनचा आणि कापसाचा हिशेब वाचत बसतो. मुलीच्या नीटच्या गुणांना त्या टेबलावर दुय्यम जागा.

कर्ज मिळाले तर काय होते, तेही मांडून पाहू. दर वर्षाच्या सुरुवातीला साडेसात लाख, अशी चार वर्षे, एकूण ३० लाख. व्याजदर दहा टक्के धरू. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, वर एक वर्ष आंतरवासिता, त्यावर एक वर्ष सवलतीचे. हप्ते सुरू होईपर्यंत साधे व्याजच १५ लाख होते. ४५ लाखांची फेड पंधरा वर्षांत करायची, तर महिन्याचा हप्ता ४८ हजारांच्या पुढे, आणि एकूण फेड ८७ लाख. हा हप्ता सुरू होतो तेव्हा ती डॉक्टर पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासिकेत बसलेली असते. तोपर्यंत हप्ता कोण भरणार? सहकर्जदार.

केंद्राची व्याजमाफी २००९ पासून आहे, ती साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, शिक्षणाच्या काळातल्या व्याजापुरती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंतच्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे, पण निवडक दर्जेदार संस्थांपुरती. आकडे बघा: साडेचार, आठ, अडीच. प्रत्येक योजनेची रेघ वेगळी, आणि प्रत्येक रेघ बापाच्या अंगावरूनच जाते.

याच शहरात बँकांनी वेगळा हिशेबही करून दाखवला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकदम दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. सुमारे ६५ कोटींची खरेदी, त्यातले चाळीस कोटींहून अधिक स्टेट बँकेने सात टक्क्यांनी दिले. देशभर बातम्या झाल्या, शहराला अभिमानही वाटला. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच दाखवून दिले की याच भागात शेतकऱ्याला ट्रॅक्टरचे कर्ज बारा टक्क्यांनी मिळत होते. शैक्षणिक कर्जाचा दरही त्या काळी दोन आकडी होता. गाडी तारण म्हणून उभी राहते, चार वर्षांत निम्म्या किमतीवर येते. डॉक्टर तारण म्हणून उभी राहत नाही, पण तिची कमाई तीस वर्षे वाढत जाते. बँकेला पहिलीच गोष्ट जास्त समजते. यात बँकेच्या नीतीचा प्रश्न नाही, तिच्या वहीत भविष्याला रकाना नाही, एवढेच.

तो रकाना असलेला एक करार मात्र आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी झाला होता. फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी आंबेडकर वारले. बापाची कमाई म्हणून आता पेन्शनही राहिली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी करार केला. सयाजीराव गायकवाडांनी तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, बदल्यात दहा वर्षे संस्थानाची नोकरी. जुलैमध्ये ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. यात घरच्या उत्पन्नापेक्षा पुढे हा माणूस काय करणार याला महत्त्व होते. हा करार सुखाने पार पडला असे नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये परतावे लागले, बडोद्यात नोकरी होती पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा कोणी देईना. ती नोकरी सुटली. मग सिडनहॅम महाविद्यालयातली प्राध्यापकी, त्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये, अशी मोट बांधून १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. शिष्यवृत्ती, नोकरी, देणगी, उसनवार. त्यात बापाचा वाटा संपलेला होता. पुढे १९५० मध्ये त्यांनीच औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले. मराठवाड्यातल्या ज्या मुलांच्या बापाकडे दाखला काढण्याइतकेही उत्पन्न नव्हते, ती त्याच्या नागसेनवन परिसरात शिकली.

बडोद्याच्या कराराची लहानशी सावली आजच्या बाँडमध्ये दिसते. शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्याने एक वर्ष शासकीय सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे. कल्पना बरी आहे. फक्त आज ती मुख्यतः स्वस्तात शिकलेल्यांना लागू आहे. महागात शिकणाऱ्याला ‘तुझे शुल्क आम्ही भरतो, तू पाच वर्षे ग्रामीण रुग्णालयात काम कर’ असे म्हणणारा सयाजीराव उरला नाही.

खासगी महाविद्यालयांतच ही सोय करण्याचा एक प्रयत्न झाला होता. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना दार उघडले, आणि देणगीचा बाजार इतका वाढला की चारच वर्षांत कॅपिटेशन फी बंदीचा कायदा करावा लागला. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सूत्र घालून दिले: निम्म्या जागा ‘फ्री’, शासकीय दराने, गुणवत्तेवर, निम्म्या ‘पेमेंट’, ज्यांच्या शुल्कातून पहिल्या निम्म्यांचा खर्च निघेल. मला हे सूत्र कागदावर आजही देखणे वाटते. २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ते मोडीत काढले. त्याची एक बाजू विचार करण्यासारखी आहे. फ्री जागा बऱ्याचदा शहरातल्या, चांगल्या शाळांत शिकलेल्या, सधन घरच्या मुलांना जात होत्या, आणि कमी गुणांची, कमी ऐपतीची मुले पेमेंटच्या जागांवर येऊन त्यांचा भार उचलत होती. बापाचा पैसा महाविद्यालयाच्या दारात थांबवला, तर तो आधीच शिकवणीच्या वर्गातून आत शिरलेला असतो. लातूरला किंवा राजस्थानातल्या कोट्याला दोन वर्षे मुलगी ठेवण्याचा खर्च कोणत्याच उत्पन्नाच्या दाखल्यातून वजा होत नाही.

तमिळनाडूने या गुंत्यावर वेगळे उत्तर शोधले. बापाचे उत्पन्न किती, हे विचारण्याऐवजी मुलगा कोणत्या शाळेत शिकला, हे त्यांनी विचारले. २०२० पासून सरकारी शाळांतल्या विद्यार्थ्यांना वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा आहेत आणि त्यांचे शुल्क राज्य भरते. दाखल्यात फेरफार करता येतो, पण सहावी ते बारावीची सात वर्षे बनावट करणे अवघड. हा उपाय मला आठ लाखांच्या रेघेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलगी घातलेला बाप आपली ऐपत दाखल्याशिवायच सांगून मोकळा होतो.

बापाचा कागद मागण्यात आपण एकटे नाही. अमेरिकेत पदवीनंतरच्या विद्यार्थ्याला संघीय मदतीसाठी स्वतंत्र मानतात. तिथल्या अर्जात वैद्यकीय विद्यार्थ्याने आईवडिलांचे उत्पन्न भरण्याची सक्ती नाही. पण कर्जाऐवजी महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीतून अनुदान हवे असेल, तर बरीच वैद्यकीय महाविद्यालये आईवडिलांची विवरणपत्रे मागतात, विद्यार्थी तिशीचा असला, लग्न झालेले असले, घरच्यांशी बोलणे बंद असले तरी. न्यू जर्सीत आयटीत राबून घराचे हप्ते फेडणाऱ्या मराठी जोडप्याची मुलगी त्या हिशेबात सधन ठरते, आणि बापाने ‘तू आता तुझे बघ’ म्हटले असेल, तर ते महाविद्यालयाला ऐकू येत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयाने २०१८ मध्ये हा प्रश्नच बंद केला आणि सगळ्यांचे शिक्षण शुल्क माफ केले. जॉन्स हॉपकिन्सने २०२४ मध्ये उद्योजक मायकेल ब्लूमबर्ग यांच्या एक अब्ज डॉलरच्या देणगीनंतर तीन लाख डॉलरच्या आतल्या कुटुंबांपुरती माफी जाहीर केली. म्हणजे तिथेही रेघ, फक्त फार वर ओढलेली. २०२५ च्या नव्या कायद्याने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या संघीय कर्जाला वर्षाला पन्नास हजार आणि एकूण दोन लाख डॉलरची मर्यादा घातली आहे. जुलै २०२६ पासून नवे विद्यार्थी तिच्यात येतात. उरलेल्या रकमेसाठी खासगी बँक, आणि खासगी बँकेला हमीदार हवा. ज्या बापाला कायद्याने अर्जातून बाहेर ठेवले होते, तो सहीपुरता परत आत आला.

या फेऱ्यातून खरे सुटले ते ऑस्ट्रेलियन. १९८९ पासून तिथे शुल्क सरकार उधार ठेवते आणि फेड पदवीधराच्या स्वतःच्या पगारातून, कराबरोबर होते. ठरावीक पगाराच्या खाली असेल तर काहीच कापत नाहीत. बापाचे उत्पन्न कुठेच येत नाही. भारतात पगारदाराचा कर मुळातच कापला जातो, आधार आहे, पॅन आहे. डॉक्टरला तर नोंदणी क्रमांकाशिवाय प्रॅक्टिसच करता येत नाही. या देशात फेड वसूल करायला इतका सोपा कर्जदार दुसरा नाही.

तोवर शेंद्र्यातल्या घराला आजच्याच नियमांत वाट काढायची आहे, आणि त्यासाठी बारावीचे वर्ष उजाडण्याची वाट बघू नये. आदल्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न धरले जाते, म्हणून एप्रिल उजाडताच दाखल्याचा अर्ज टाकावा. फॉर्म १६ ची वाट बघत बसले, तर तो जूनच्या मध्याला हातात येतो आणि प्रवेशाच्या फेऱ्या त्याच्या पाठोपाठ सुरू होतात. त्या पंधरवड्यात सेतूत उभे राहायला जागा नसते. मुलीचे बँक खाते आधारला जोडलेले असावे. बापाचे जुने पीककर्ज थकले असेल, तर त्याचा ‘थकबाकी नाही’ दाखला मुलगी अकरावीत असतानाच घ्यावा. गुंठेवारीचे नियमितीकरण बाकी असेल, तर ते आता करून घ्यावे. ते दोन महिन्यांत होत नाही.

पदवी झाली, दहा-पंधरा रुग्णांची नावे तोंडपाठ झाली, तरी बापाच्या उत्पन्नाचा प्रश्न संपत नाही. पदव्युत्तर प्रवेशात दुर्बल घटकाच्या जागेसाठी अर्ज केला, तर केंद्राच्या नियमात ‘कुटुंब’ म्हणजे अर्जदार, तिचे आईवडील, अठरा वर्षांखालची भावंडे, आणि शिवाय नवरा आणि अठरा वर्षांखालची मुले. लग्न होऊन सासरी नांदणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या डॉक्टरला, जिचे माहेरचे रेशनकार्डावरचे नाव केव्हाच कमी झालेले असते, वडिलांचा फॉर्म १६ आणि नवऱ्याचा फॉर्म १६ दोन्ही जोडावे लागतात. दोन्ही घरांची बेरीज आठ लाखांच्या आत बसली, तरच ती दुर्बल.